आतड्याच्या घडीमागे

लग्नाकार्यात पंगतीला शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, तुम्ही काय करता. मी सांगायचे, बारामतीला दवाखान्यात नर्स आहे. तिनं पुढं विचारलं, कुठल्या वॉर्डात, की मी "पोटाच्या" म्हणायचे आणि वाटीतली आमटी भुरकायला लागायचे. खरं उत्तर पंगतीत देण्यासारखं नव्हतं. माझ्या नोकरीची शेवटची सतरा वर्षं दुर्बिणीच्या खोलीत गेली. त्या खोलीतली अर्धी कामं तोंडाकडून होतात आणि अर्धी दुसऱ्या बाजूनं. मी रमले ती दुसऱ्या बाजूच्या कामात. गेल्या वर्षी निवृत्त झाले, आता लाज कुणाची धरायची? या अंकाच्या संपादकबाईंनी कामातलं काहीतरी लिहा म्हटल्यावर मी त्यांना एवढंच बजावलं, की वाचकांना फराळाचं ताट जरा बाजूला ठेवायला सांगा.

माझं नाव शहनाज तांबोळी. माहेर इंदापूरचं. तिथं वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. बाईच्या हाताला न दुखवता काचेची बांगडी हाडावरून पलीकडं कशी न्यायची, हे मी शाळेत असतानाच शिकले होते. जोर लावायचा नाही, हात ढिला पडायची वाट बघायची. दुर्बिणीच्या खोलीत पहिल्या दिवशी आमचे डॉक्टर रणवरे मला जोर न लावता दुर्बीण कशी न्यायची ते समजावत होते, तेव्हा मला ते नवीन वाटलं नाही ते त्यामुळंच.

मोठं आतडं म्हणजे साधारण पाच फुटांची नळी. उजव्या कुशीत खाली सुरू होते, वर चढते, पोटावरून आडवी जाते आणि डावीकडून खाली उतरते. आपली दुर्बीण जाते ती उलट्या वाटेनं, शेवटापासून सुरुवातीकडं. करंगळीएवढी जाड, टोकाला दिवा आणि कॅमेरा, आत पाणी मारायची सोय, आणि हत्यार सरकवायला एक बारीक बोगदा. डॉक्टर ती वळवत पुढं नेतात, आणि वळणावर अडली की नर्सनं बाहेरून पोट दाबून धरायचं असतं. कुठं दाबायचं हे पुस्तकात असतं, पण किती दाबायचं हे हातालाच कळतं.

खरी तपासणी दुर्बीण आत जाताना होत नाही, ती बाहेर काढताना होते. अगदी सुरुवातीच्या टोकापर्यंत पोचायचं आणि मग सावकाश मागं येत अस्तराचा प्रत्येक कोपरा बघायचा. शोधायचे असतात ते पॉलिप. पॉलिप म्हणजे अस्तरावर उगवणारा कोंब. बरेच निरुपद्रवी असतात. काही मात्र वर्षानुवर्षं गुपचूप वाढतात आणि त्यांचा कर्करोग होतो. कोंब असतानाच खुडला तर पुढचं रामायण घडतच नाही. रोग व्हायच्या आधीच त्याला काढून टाकता येतं, अशा जागा शरीरात फार कमी आहेत, आणि या कामाचा मला अभिमान वाटतो तो याच कारणानं.

अडचण एकच. आतडं आतून पाइपासारखं गुळगुळीत नसतं. घागऱ्याला चुण्या असाव्यात तशा त्याला घड्या असतात. कॅमेरा बघतो समोर. घडीच्या मागं जे बसलंय ते त्याला दिसत नाही.

आणि पोट साफ नसेल तर समोरचंही दिसत नाही. आदल्या दिवशी पेशंटनं पावडर पाण्यात कालवून ती लिटर लिटर प्यायची असते. या पावडरीनं मला जेवढं हसवलं तेवढं कुणी हसवलं नसेल. वडगाव निंबाळकरच्या एका गोठेवाल्या आबांना तिची चव सोसेना, म्हणून त्यांनी ती दुधात कालवली. चार लिटर म्हशीचं ताजं दूध. तपासणी अर्थातच झाली नाही, पण "दूध चांगलं हुतं, तुमची पावडर नासकी," हे त्यांनी मला पटवायचा पुष्कळ प्रयत्न केला. इंदापूरकडच्या एका डाळिंबाच्या व्यापाऱ्यांना मी बिया असलेलं काही खाऊ नका म्हणून दोनदा सांगितलं होतं. त्यांनी डाळिंब खाल्लं, कारण त्यांच्या मते डाळिंबाला दाणे असतात, बिया पेरूला असतात. त्या दाण्यांनी आमच्या दुर्बिणीचा बोगदा तुंबला आणि मला तो साफ करत दुपार काढावी लागली.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते सांगते.

डाळजचे मारुतीराव आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. भिगवणच्या अलीकडं हमरस्त्याला लागून त्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, संपततात्यांची, पेरूची बाग. शौचातून रक्त जातं अशी तक्रार. मूळव्याध दिसतच होती, तरी वय बघून डॉक्टर रणवऱ्यांनी आतड्याची दुर्बीण करायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळपासून आमची रांग संपत नव्हती आणि मारुतीराव शेवटचे होते. पोट साफ होतं, पण फार चांगलं नाही. दुर्बीण टोकापर्यंत गेली, सर मागं येऊ लागले. उजव्या बाजूला, अगदी सुरुवातीच्या भागात, एका घडीच्या कडेला मला पिवळसर, शेंबडासारखा पातळ थर दिसला. क्षणभरच. माझ्या मनात आलं, इथं पाणी मारून बघावं. मग मनात आलं, पावडरीचंच काहीतरी राहिलं असेल, आणि सरांना आपण काय सांगायचं. तेवढ्यात दुर्बीण पुढच्या घडीवर आली होती. रिपोर्ट गेला: मूळव्याध, बाकी आतडं ठीक, स्वच्छता मध्यम.

तीन वर्षांनी मारुतीराव परत आले ते विनायकच्या, त्यांच्या मुलाच्या, खांद्यावर हात टाकून. बागेत चालताना दम लागत होता, अंगातलं रक्त निम्म्यावर आलं होतं. उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ होती. त्याच भागात. पुण्याला ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, आणि चौदा महिन्यांनी ते गेले.

गाठ सापडली त्याच दुपारी मी सरांच्या खोलीत गेले आणि तो थर मी पाहिला होता, हे त्यांना सांगितलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. काही चपट्या पॉलिपांवर असाच थर असतो, त्या थरावरूनच ते ओळखायचे असतात, हे त्यांनीच मला नंतर शिकवलं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, की मीही पाहिला असणार, डोळे माझेही तिथंच होते. मग त्यांनी मारुतीराव आणि त्यांच्या पत्नी कमलवहिनी यांना आत बोलावलं आणि सरळ सांगितलं, की मागच्या वेळी हे आमच्या नजरेतून सुटलं असण्याची शक्यता आहे. असं सांगणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. मारुतीराव पुढं काय करायचं ते विचारू लागले. कमलवहिनी उठल्या आणि बाहेर गेल्या. त्यानंतर त्या सरांशी एक शब्द बोलल्या नाहीत. नवऱ्याच्या आजारपणात कागद घ्यायला यायच्या, तेव्हाही माझ्याकडून घ्यायच्या.

माझ्या स्वतःच्या तोंडाचं कुलूप मात्र तेव्हा उघडलं नाही. मी जे पाहिलं ते सरांना सांगितलं होतं. त्या घरातल्या कुणाला सांगितलं नव्हतं.

दीड-दोन वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी सर पुण्याच्या कुठल्याशा कार्यशाळेहून आले आणि त्यांनी माझ्या तळहातावर एक वस्तू ठेवली. मऊ प्लास्टिकचं कडं, बोटाच्या पेरात बसेल एवढं, आणि त्याला चहूबाजूंनी लवचिक काटे, कंगव्याच्या दातांसारखे पण मऊ. हे दुर्बिणीच्या टोकाला बसवायचं. दुर्बीण आत जाताना काटे मागं झोपतात, आतड्याला जाणवतही नाहीत. मागं येताना ते उभे राहतात, घडीला अडकतात आणि तिला ओढून सपाट करतात. घडीच्या मागची बाजू समोर येते. वळणावरून दुर्बीण एकदम निसटून मागं येते, तेही थांबतं. बस, एवढंच यंत्र. ना वायर, ना बटण. मी त्याला टोपी म्हणायला लागले आणि खोलीत तेच नाव पडलं.

ती टोपी बसवायचं काम माझं. पहिल्यांदा बसवताना मला वडिलांचं दुकान आठवलं. पहिल्याच पेशंटमध्ये, बारामतीच्याच एका निवृत्त मास्तरांच्या आतड्यात, आम्ही डावीकडच्या वळणावर आलो आणि पडद्यावरची घडी इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली. मी तोवर इतक्या वर्षांत किती घड्या पाहिल्या असतील, पण त्यांची पाठ अशी कधी पाहिली नव्हती. तिथं वाटाण्याएवढा पॉलिप बसलेला होता. सरांनी तारेच्या फासात धरून तो काढला आणि माझ्याकडं बघितलं. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, पण ते हसत होते.

त्या महिन्यात मला सकाळी कामावर जायची घाई व्हायची. नवऱ्यानं विचारलंसुद्धा, की पगार वाढलाय का. इतकी वर्षं रोज पाहिलेलं आतडं पुन्हा नवं झालं होतं. सर एरवी मुक्यानं काम करणारे, ते घडी आली की पुटपुटायचे, "चला, मागं कोण आहे बघू." कधी कुणी नसायचं. कधी असायचं. टोपी काही जादूची नव्हती. पोट साफ नसेल तर ती घाण सपाट करून दाखवते, एवढंच. आतडं कुठं अरुंद झालेलं असेल तिथं ती घालतच नाहीत. आणि शेवटी पडद्याकडं बघायला डोळे लागतातच. पण आम्हाला पूर्वी न दिसणारी निम्मी बाजू दिसायला लागली होती, आणि ते सुख मी शब्दांत नीट सांगू शकत नाही.

त्याच सुमाराला सरांनी एक यादी करायला घेतली. आपल्याकडं धडधाकट माणसाला आतड्याची तपासणी करून घ्या म्हणून कुणी सांगत नाही. निदान ज्यांच्या घरात हा कर्करोग झालाय त्यांच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तरी बोलवावं, असं त्यांनी ठरवलं. अशांनी चाळिशीत तपासून घ्यायचं असतं, किंवा घरातल्याला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. यादीत संपततात्यांचं नाव होतं. वय अठ्ठावन्न. मी फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, की दादाची तपासणी तुमच्याकडंच झाली होती, तेवढी पुरे. पुन्हा केला तेव्हा फोन उचलला नाही.

सर म्हणाले, त्यांना पुण्यातल्या दुसऱ्या डॉक्टरचं नाव देऊ, त्यांचा हक्क आहे. मी म्हटलं, नाव घेऊन मी स्वतः जाते.

रविवारी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी डाळजला गेले. संपततात्या बागेत पेरूंना फोमच्या जाळ्या चढवत होते. प्रत्येक फळाला एक जाळी, वर पिशवी. मला बघून ते थांबले नाहीत. मी पुण्याच्या डॉक्टरांचं नाव लिहिलेली चिठ्ठी दिली, ती त्यांनी खिशात ठेवली. मला वाटलं, झालं काम, आता निघावं. पण पाय निघेना. मी तिथंच त्यांना सांगितलं, की तुमच्या दादांच्या पहिल्या तपासणीला मी होते. एक थर मला दिसला होता आणि मी बोलले नाही.

त्यांनी आणखी दोन फळांना जाळ्या घातल्या. मग विचारलं, "वैनीला ठावं हाय?"

"नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय."

ते झाडाच्या बुंध्याशी बसले, मीही बसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, मग आता तुमच्याकडं वेगळं काय आहे. मी पर्समधून टोपी काढली. नमुन्याची होती, वापरायची नव्हे. माझ्या बोटावर चढवून, साडीच्या निऱ्यांवरून ओढून मी त्यांना दाखवली. निऱ्या सपाट होताना त्यांनी दोनदा बघितल्या. मग हात वर करून पेरूचं एक पान उलटं केलं. मागं पांढरा पिठ्या ढेकूण चिकटलेला होता.

"कीड पानावर कुठं दिसती," ते म्हणाले. "आमी तर सारी उमर पानामागंच बघतो. तुमाला आत्ता कळलं व्हय?"

मी म्हटलं, व्हय, आत्ताच.

येण्याचं त्यांनी कबूल केलं, पण पुण्याला नाही, आमच्याकडं. चूक ज्याला ठाऊक आहे तोच नीट बघेल, असं त्यांचं म्हणणं. आणि एक अट घातली. "तुमी तितं उभं ऱ्हायचं. काय दिसलं तर बोलायचं. डाक्टर रागावला तरी बोलायचं."

पावडरीच्या दिवशी मी त्यांना तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी त्यांच्या सुनेनं सांगितलं, की तात्या म्हणतायत, तुमी हितं येऊन पाजा म्हंजे समाधान होईल. सकाळी आले तेव्हा पोट असं स्वच्छ होतं, की सर म्हणाले, हे आतडं पुस्तकात छापायला द्यावं.

मी टोपी बसवली. तात्या डाव्या कुशीवर, गुंगीच्या इंजेक्शननं अर्धवट झोपेत. दुर्बीण डावीकडून वर, आडवी, वळणावर मी पोट दाबलं, उजवीकडं खाली, आणि सुरुवातीच्या टोकाला पोचली. मागं येताना घाई होऊ नये म्हणून मी घड्याळ लावलं. सर मागं येऊ लागले. पहिली घडी सपाट झाली, मागं कुणी नाही. दुसरी. तिसरी घडी काट्यांनी ओढली आणि तिची पाठ वर आली तेव्हा त्या पाठीवर, एका कडेला, पिवळसर पातळ थर होता. पापणीएवढा.

"सर, थांबा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तिथं थर आहे. पाणी मारू या."

सरांचा हात जागच्या जागी थांबला. दुर्बीण केसभरही हलली नाही. मी पाण्याचं पायडल दाबलं. थर सुटून वाहून गेला, आणि खाली होता तो चपटा, फिक्या रंगाचा पॉलिप. अंगठ्याच्या नखाएवढा. आजूबाजूच्या अस्तरात इतका मिसळलेला, की थर नसता आणि घडी सपाट झाली नसती, तर दहादा वरून गेलो असतो तरी दिसला नसता.

पुढची वीस मिनिटं तो काढण्यात गेली. असा चपटा पॉलिप सरळ कापता येत नाही, खालची भिंत पातळ असते, तिला भोक पडू शकतं. म्हणून आधी त्याच्या खाली निळं पाणी सुईनं सोडायचं. सर सुई टोचायचे, मी पिचकारी ढकलायची. पॉलिप हळूहळू वर उचलला गेला, निळ्या उशीवर ठेवल्यासारखा. मग तारेचा फास. फास आवळायचं काम माझ्या हातात होतं. सर म्हणाले आवळा, मी आवळला. म्हणाले सावकाश, मी आणखी सावकाश केलं. तो सुटला. जागा कोरडी होती, रक्त नव्हतं, कड सगळीकडून स्वच्छ. दोन बारीक चिमटे लावून ती बंद केली आणि पॉलिप जाळीत धरून बाहेर आणला. मी तो बाटलीत टाकला आणि बाटलीवर तात्यांचं नाव लिहिलं.

सरांनी हातमोजे काढले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मग वळून म्हणाले, "शहनाजताई, घड्याळ बंद करा." ते अजून चालूच होतं.

तात्यांनी गुंगीतच डोळे किलकिले केले. "घावलं का?"

"घावलं," मी म्हटलं. "आणि काढलंसुद्धा." त्यांनी मान हलवली आणि परत झोपले.

पुण्याहून तपासणीचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. नंतर नवऱ्यानं सांगितलं, की त्या दहा दिवसांत रोजा असल्यासारखं घर शांत होतं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, की पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण कर्करोग झालेला नव्हता, आणि पॉलिप कडेसकट पूर्ण निघालेला होता. सरांनी तो कागद मला मोठ्यानं वाचायला लावला. मग स्वतः वाचला. मग तात्यांना फोन लावला आणि बोलायला मला दिला.

संपततात्यांनी यानंतर जे केलं ते आमच्या कुठल्याही जाहिरातीनं झालं नसतं. डेअरीवर, सोसायटीत, भिगवणच्या बाजारात, भेटेल त्याला ते आपल्या आतड्याची गोष्ट सांगत सुटले. त्यात टोपीचं वर्णन असायचं, निळ्या पाण्याचं असायचं, आणि ऐकणारा जेवत असला तरी फरक पडत नसे. नरसिंहपूरला दिलेली त्यांची बहीण आली. तिच्यात दोन छोटे पॉलिप निघाले. आणखीही लोक आले, कुणाचा बाप गेलेला, कुणाचा भाऊ. एकदा तात्यांनी पेरूचा भरलेला क्रेट आमच्या विभागात आणून ठेवला. तपासणीसाठी उपाशी बसलेले सात पेशंट त्या क्रेटकडं बघत होते, आणि मी बिया चालत नाहीत, बिया चालत नाहीत, म्हणत तो आत ओढून नेत होते.

विनायक, मारुतीरावांचा मुलगा, चाळीस वर्षांचा झाला तो माझ्या निवृत्तीला तीन आठवडे उरलेले असताना. त्याला घेऊन कमलवहिनी आल्या. त्याआधी एकदा मी डाळजला जाऊन तात्यांना सांगितलं होतं तेच त्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरात निघून गेल्या. पाच मिनिटांनी मला पाण्याचा तांब्या आणून दिला आणि परत आत गेल्या. त्यामुळं त्या येतील असं मला वाटलं नव्हतं.

दुर्बिणीच्या खोलीत नातेवाइकांना घेत नाहीत. कमलवहिनी दारात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, की मला बघायचंय. मी सरांकडं बघितलं. सरांनी स्वतः एक स्टूल उचललं आणि पडद्यासमोर ठेवलं. त्या पदर घट्ट धरून बसल्या.

दुर्बीण टोकाला पोचली, मागं येऊ लागली. पहिली घडी सपाट झाली तशी त्या सरांकडं न बघता, पडद्याकडं बघत म्हणाल्या, "ह्याच्या मागं बघितलं का?"

सर पुढं गेलेले होते. ते परत आत गेले, घडी पुन्हा ओढली आणि टोक फिरवून तिची पाठ या कडेपासून त्या कडेपर्यंत दाखवली. "बघा," ते म्हणाले.

दुसऱ्या घडीलाही त्यांनी विचारलं. तिसऱ्याला विचारलं. सरांनी प्रत्येक वेळी थांबून दाखवलं. पुढं त्या विचारायच्या थांबल्या, पण सर दाखवायचे थांबले नाहीत. बाहेर चार पेशंट ताटकळत होते, आत नुसता पाण्याचा आणि यंत्राचा आवाज. मला वाटतं, एवढी सावकाश तपासणी आमच्या खोलीत दुसरी झाली नसेल. आतडं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ होतं. एकही कोंब नाही.

सरांनी दुर्बीण ठेवली, मास्क काढला आणि सांगितलं, की वहिनी, विनायकचं सगळं चांगलं आहे, पाच वर्षांनी परत बघू.

कमलवहिनी उठल्या. सरांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आता काय बोलतील ते बोलू दे, त्यांचा अधिकार आहे.

"पोरगं कालपासनं उपाशी हाय," त्या म्हणाल्या. "त्याला आता भाकरी चालंल का?"

खाण्यापिण्याचं सगळं मीच सांगत आले, सर त्या भानगडीत कधी पडले नाहीत. त्या दिवशी त्यांनीच सांगितलं. गुंगी उतरली की आधी चहा-बिस्किट, तासाभरानं मऊ भात, आणि संध्याकाळी भाकरी. मऊ भात त्यांनी दोनदा सांगितला. वहिनींनी ते सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि खांद्यावरची पिशवी पुढं घेतली.

"मग ह्या आत्ता त्याच्या कामाच्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुमी जेवलाव का, डाक्टर?"

अडीच वाजून गेले होते. सर नाही म्हणाले. वहिनींनी फडक्याची गाठ सोडली, दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि बघत उभ्या राहिल्या, ते हात धुऊन येईपर्यंत.